आत बोलवायच्या आधी

नाव काय म्हणालास? भुजंग.
मच्छेचा. फाउंड्रीत, वाळूवर.
तरीच नखांत ती काळी रेघ.
माझ्या नखांत पिवळी बघ, निपाणीच्या वखारीतली.
एकतीस वर्षं तंबाखू चाळली मी,
खरं ओठाला कधी लावली नाही, देवाशप्पत.

रात्रीपासून पोटात काही नाही ना?
पाणीसुद्धा? शहाणा आहेस.
माझ्या आधीच्या म्हाताऱ्यानं कोपऱ्यावर जाऊन
चहात पाव बुडवला,
सिस्टरनं मिशीवरचा चुरा बघितला
आणि तसाच परत गोकाकला पाठवला त्याला.

रक्त पातळ करायची गोळी घेत असशील तर आत्ताच सांग, मग नको.
कवळी नाही, बरं.
माझी होती. रुमालात बांधून सुनेच्या हातात दिली,
तिच्यापुढं पहिल्यांदाच बोळकी झाले.
नळीपेक्षा त्याचीच लाज जास्त.

आधी घशात फवारा मारतात. कडू.
कारल्याचा नव्हे,
जुन्या कुलपाची किल्ली चाटल्यासारखा.
मग घसा आपला राहत नाही.
थुंकी गिळायला जावं
तर दुसऱ्याच कुणाच्या घशात उतरते.
हातात सुई, बोटाला चिमटा, डोळ्यांवर पट्टी,
आणि नाकातून ती नळी,
शाळेतल्या पेन्सिलीएवढी, टोकाला दिवा.
खोकला येतो. येणारच.
श्वास अडकला असं वाटतं,
खरं अडकत नाही, बाजूनं वाट असते त्याला.
बोलता येत नाही. नको वाटलं तर हात वर कर.
मी दोनदा केला. दोन्ही वेळा थांबले ते.

आता हसू नकोस.
सिस्टर नवी, हासनकडची, मराठीचा म माहीत नाही.
आपल्याकडचे लोक बिड्री म्हणतात, तेवढं कानावर आहे माझ्या.
ही वाकून म्हणते,
"उसिरु बिडी, अम्मा. बिडी, बिडी."
आणि मी, नाकात नळी, मान हलवतेय,
नाही गं बाई, नाही ओढत,
वखारीत कुणालाही विचार!
ती बिडी म्हणते, मी नाही म्हणते.
शेवटी डॉक्टर हुक्केरी मागून म्हणाले,
मावशी, बिडी म्हणजे सोडा. श्वास सोडा.

एकतीस वर्षं जिच्यासाठी चाळलं
तिचं नाव शेजारच्या भाषेत 'सोड' आहे,
हे कुणी सांगितलंच नव्हतं मला.

सोडला.
मग आत गार पाणी सोडतात, एवढंसं,
आणि परत ओढून घेतात बाटलीत.
नंतर बघितलं मी, गढूळ,
चहाचं भांडं विसळल्यावर उरतं तसं.

त्यानंतर दोन तास तोंडात काही नाही,
घसा पुन्हा आपला होईपर्यंत.
पहिला घोट चमच्यानं.
थुंकीत लाल रेघ दिसेल एखादा दिवस, रात्री कणकण.
लाल जास्त आलं, दम लागला,
तर कुणाला विचारत बसू नकोस, सरळ इथं ये.
आणि मोटरसायकल घेऊन आलास काय? चावी भावाकडं दे.
मी बसमध्ये संकेश्वरपर्यंत झोपले,
सुनेच्या खांद्यावर.
अकरा वर्षं झाली तिला घरात येऊन. पहिल्यांदाच.

माझं? माझं गेल्या मंगळवारी झालं की.
आज कागद घ्यायला आलेय.
थांब, बायाक्का म्हणाले ना?
...
हा बघ. पातळ आहे लिफाफा.
पातळ चांगला की जाड, तुला काय कळतंय?
मलाही नाही.
सून औषधं आणायला गेलीय, आली की तीच वाचेल.

असा काय बघतोस?
काय म्हणालास?
होय की रे.
धरूनच ठेवला होता बघ.
बिडी. बिडी.

ऊठ, तुझं नाव घेतलं.
चप्पल इथंच राहू दे, बाकाखाली.
मी आहे बसलेली.